कन्फर्म बुकिंग होतं, तरी रूम नाही: बेळगावच्या हॉटेलांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की कामानिमित्त बेळगावात येऊन बिझनेस हॉटेलात राहता, त्याबद्दल काय विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं मिळून बरंच आलंय, कोल्हापूर-इचलकरंजीकडून जास्त, थोडं निपाणी, खानापूर, संकेश्वरकडून. मी स्वतः इथल्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला बरीच वर्षं काम केलंय त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूला काय चालतं ते माहीत आहे, त्याच अनुभवावर उत्तरं देतेय. काही पत्रं छोटी केलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी इचलकरंजीचा, लूमचे पार्ट करून घ्यायला उद्यमबागला फाउंड्रीत माझं येणं-जाणं असतंय. डिसेंबरमध्ये अ‍ॅपवरून एक चांगलं बिझनेस हॉटेल दोन रात्रींसाठी बुक केलं, पैसे आधीच कट झाले, कन्फर्मचा मेसेज पण आला. रात्री साडेनऊला पोचलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतोय सर बुकिंग दिसतंय पण रूम नाही, अधिवेशन चालू आहे, दुसरीकडं सोय करून देतो. काय करणार, सकाळी आठला कारखान्यात हजर राहायचं होतं, गेलो. तिथं खिडकीखाली हायवे, गरम पाणी फक्त सहा ते आठ, आणि गादी अशी की पाठच धरली. घरी आल्यावर हॉटेलला मेल टाकला, रिव्ह्यू लिहिला, कोण दाद देईना. अ‍ॅपवाले म्हणतात हॉटेलच्या रेकॉर्डला तुम्ही आलाच नाही असं दिसतंय. पैसे मिळतील का, आणि तक्रार करायला परत बेळगावला यावं लागणार का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण कामासाठी आलेल्या माणसाला हॉटेलकडून फार काही नको असतं, रात्रीची झोप, सकाळी गरम पाणी आणि जाताना नीट बिल, आणि त्यातलं पहिलंच तुम्हाला मिळालं नाही.

आधी हे असं का होतं ते सांगते. हलग्याला सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालं, हिवाळी अधिवेशन तिथं भरतं. त्या दिवसांत आमदार, मंत्र्यांचा स्टाफ, बंगळूरहून आलेले अधिकारी, पोलीस, पत्रकार या सगळ्यांसाठी शहरातल्या हॉटेलांच्या रूम प्रशासन एकगठ्ठा घेतं. त्यात तोच लग्नसराईचा सीझन. पण हे काही आभाळातून पडत नाही, अधिवेशनाच्या तारखा आधी जाहीर झालेल्या असतात, आणि तारखा कळल्यावर अ‍ॅपवरची विक्री बंद करणं हे हॉटेलचं काम आहे, गेस्टचं नाही. काही ठिकाणी ते विसरतात. काही ठिकाणी मुद्दाम दोन-चार रूम जास्त विकून ठेवतात, कोणतरी येणार नाही हे धरून, आणि मग सगळेच आले की जो सगळ्यात उशिरा पोचतो त्याच्यावर शेकतं.

आमच्या भाषेत याला गेस्टला वॉक करणं म्हणतात. ते करायची पण एक रीत आहे: दुसरं हॉटेल तेवढ्याच दर्जाचं किंवा वरचं बघायचं, दरात फरक असेल तर तो आपण भरायचा, गाडी आपली द्यायची, आणि ड्युटी मॅनेजरने स्वतः येऊन माफी मागायची. चांगल्या हॉटेलात हे अजूनही होतं. तुम्हाला खालच्या दर्जाच्या जागी पाठवलं आणि वर 'नो-शो' मारलं, म्हणजे रूम ठेवली होती पण गेस्टच आला नाही अशी नोंद केली. ती नोंद झाली की अ‍ॅपकडून हॉटेलला पैसे जातात आणि तुमचा रिफंड अडकतो. सगळी मेख इथंच आहे.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगते, काउंटर सोडायच्या आधी तिथंच लॉबीत बसून अ‍ॅपच्या चॅटवर लिहा की मी हॉटेलात हजर आहे, इतके वाजलेत, रूम देत नाहीत. मग ड्युटी मॅनेजरला बोलवा आणि त्याच्याकडून एक ओळ घ्या, लेटरहेडवर देत नसतील तर हॉटेलच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर तरी, की अमुक बुकिंग नंबरच्या गेस्टला रूम उपलब्ध नव्हती. आवाज चढवायची गरज नाही, शांतपणे म्हणा की ही ओळ मिळाल्याशिवाय मी उठत नाही. दहा मिनिटं जातील पण मिळते, कारण लॉबीत बाकीचे गेस्ट बघत असतात. गेस्ट समोर असेपर्यंत मॅनेजरच्या हातात सगळं असतं, रूम, डिस्काउंट, गाडी; तुम्ही गाव सोडलं की तोच विषय एका मेलबॉक्समध्ये जाऊन पडतो आणि तिथं बसलेल्या माणसाला त्या रात्रीचं काहीच माहीत नसतं.

तुमच्याकडं ती ओळ नाही तरी हरकत नाही, दुसरे पुरावे असणार. दुसऱ्या लॉजचं बिल, त्यावर चेक-इनची वेळ असते. हॉटेलला केलेले फोन कॉल लॉगमध्ये असतील. फोनमध्ये लोकेशनची टाइमलाइन चालू असेल तर तुम्ही त्या वेळी कुठं होता ते दिसेल. रिक्षाला यूपीआयने पैसे दिले असतील तर ते. सगळ्याचे स्क्रीनशॉट एका जागी करा आणि हॉटेल आणि अ‍ॅप दोघांना एकच पत्र स्पीड पोस्टने पाठवा, मेल पण करा, पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा, अ‍ॅपवाल्या कंपन्या तिथून विचारणा आली की बऱ्यापैकी हलतात.

आणि नाही, बेळगावला यायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला कोल्हापूरला. हॉटेल कर्नाटकात असलं तरी चालतं. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. हॉटेल आणि अ‍ॅप दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा, नाहीतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवत बसतील.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. समोरचा वकील म्हणू शकतो की हे धंद्याच्या कामासाठी आले होते, म्हणून ग्राहकच नाहीत. घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये एका हॉस्पिटल ट्रस्टने नर्सेसना राहायला घेतलेल्या फ्लॅट्सच्या प्रकरणात सांगितलंय की व्यवहाराचा मुख्य उद्देश काय होता आणि त्याचा नफा कमावण्याशी थेट संबंध आहे का ते बघायचं, आणि तिथं ट्रस्टला ग्राहक मानलं. तुम्ही रूम झोपायला घेतली होती, पुढं कुणाला विकायला नाही, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. मागणी मात्र वाजवी ठेवा: भरलेले पैसे, रिक्षाचा खर्च, त्रासाची भरपाई. लाखात आकडा टाकला की तक्रारीचं वजन कमी होतं असं माझं मत आहे.

पुढच्या डिसेंबरला अधिवेशनाच्या तारखा बघूनच कारखान्याची भेट ठरवा, आणि जायचंच असेल तर अ‍ॅपवर बुक केल्यावर हॉटेलच्या रिसेप्शनला आदल्या दिवशी आणि निघताना असा दोनदा फोन करून नाव आणि पोचायची वेळ सांगा, फोन उचलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

प्रश्न: कोल्हापूरला आमची छोटी ट्रेडिंग फर्म आहे, माझे दोन सेल्समन दर महिन्याला बेळगावला राहतात. हॉटेलच्या बिलावर आमचा जीएसटी नंबर असतो तरी सीए म्हणतात क्रेडिट, म्हणजे आमच्या टॅक्समधून त्याची वजावट, मिळणार नाही. हॉटेलला आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा टॅक्स) लावून बिल द्या म्हटलं तर ते ऐकत नाहीत. आणि आता टॅक्स कमी झालाय म्हणतात तरी मागच्या बिलात १२ टक्केच होता.

उत्तर: हॉटेलवाले बरोबर आहेत आणि सीए पण बरोबर आहेत. हॉटेलची इमारत जिथं आहे तिथंच सेवा दिली असं आयजीएसटी कायद्याचं कलम १२ धरतं, गेस्ट कुठल्या राज्याचा ते बघितलं जात नाही. त्यामुळे बेळगावच्या हॉटेलात केंद्राचा आणि कर्नाटकचा मिळून टॅक्स लागतो आणि महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या फर्मला या दोन्हीचं क्रेडिट घेता येत नाही. आपल्या सीमाभागात हे फार टोचतं, निपाणीची फर्म असेल तर रूमवरचं क्रेडिट घेऊ शकते आणि पलीकडं कागलची घेऊ शकत नाही, मधे किती ते अंतर! पण कायदा तसा आहे.

दुसरा मुद्दा मात्र तुमच्या फायद्याचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर १२ च्या जागी ५ टक्के झालाय. २,८०० ची रूम धरा, आधी ३३६ रुपये टॅक्स, आता १४०. तुमचे सेल्समन महिन्याला राहतात म्हणजे वर्षाचा हिशोब चांगलाच होतो. यात क्रेडिट नाही अशी अट ऐकली असेल, ती हॉटेलवाल्यासाठी आहे, त्याला त्याच्या खरेदीवरचं क्रेडिट मिळत नाही. तुमचं जातं ते राज्य वेगळं म्हणून. जुनं सॉफ्टवेअर असेल तर दर बदललेला नसतो, म्हणून बिलात सीजीएसटी (केंद्राचा) अडीच आणि एसजीएसटी (राज्याचा) अडीच टक्के लिहिलंय का ते पोरांना बघायला सांगा, आणि चुकीचं असेल तर चेक-आउटच्या वेळीच बिल बदलून घ्या. रिटर्न भरून झालं की हॉटेलला ते दुरुस्त करायचं म्हणजे क्रेडिट नोट काढा वगैरे कटकट, मग टाळाटाळ सुरू होते.

७,५०० च्या वर एक रुपया गेला की १८ टक्के लागतात, आणि हे बोर्डावरच्या टॅरिफवर नाही तर प्रत्यक्ष घेतलेल्या दरावर बघतात. एप्रिल २०२५ पासून अजून एक आहे, मागच्या आर्थिक वर्षात एखादी जरी रूम ७,५०० च्या वर विकली असेल तर त्या हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटला पण १८ टक्के लागू होतात, एरवी ५. तेव्हा जेवणाच्या बिलात १८ दिसले तर लगेच भांडू नका, आधी विचारा.

सर्व्हिस चार्ज मात्र वेगळी गोष्ट, तो टॅक्स नाही. तो आपोआप बिलात लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. सेल्समनना सांगा, दिसला तर काढायला सांगायचं, लाजायचं नाही. वेटरला द्यायचं असेल तर हातात द्या, त्याला खरंच मिळतं.

प्रश्न: मी खानापूरची, औषध कंपनीत आहे, मीटिंग उशिरापर्यंत चालली की कंपनी बेळगावातच हॉटेल देते. एकटी असते. आधारची झेरॉक्स काउंटरवर पडलेली असते ते बघून कसंतरी होतं, आणि परवा तर रिसेप्शनिस्टनं चार माणसांसमोर रूम नंबर मोठ्यानं सांगितला. मी जास्त विचार करते काय? सांगा की.

उत्तर: अजिबात जास्त विचार करत नाही तू, ताई. रूम नंबर मोठ्याने सांगणं ही फ्रंट ऑफिसची चूक आहे, मी ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवायचे की नंबर की-कार्डच्या पाकिटावर लिहून गेस्टपुढं सरकवायचा, तोंडाने उच्चारायचा नाही. पुन्हा तसं झालं तर तिथंच म्हण, नंबर सगळ्यांनी ऐकलाय, मला दुसरी रूम द्या. कारण सांगितलंस की कुठलंही बरं हॉटेल नाही म्हणत नाही.

ओळखपत्र हॉटेलला घ्यावंच लागतं, पण आधारच द्यायला पाहिजे असं नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, व्होटर कार्ड, पासपोर्ट चालतं. पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत कारण त्यावर पत्ता नसतो. आधारच द्यायचं असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड कर, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं पेनने हॉटेलचं नाव, तारीख आणि 'फक्त राहण्यासाठी' असं लिही, ती मग दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं.

रूम मागताना तळमजला नको, लिफ्टच्या जवळची आणि कॉरिडॉरच्या टोकाची नसलेली दे म्हणून सांग. आत गेल्या गेल्या दरवाज्याचा आतला बोल्ट आणि साखळी लागते का बघ, दोन रूमच्या मधे जोडणारं दार असेल तर त्याची कडी ओढून बघ, इंटरकॉमवरून रिसेप्शनला एक रिंग दे म्हणजे फोन चालतो की नाही कळेल. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर बॅग उघडू नको, दुरुस्त करतो म्हणून माणूस पाठवला तरी नको, रूमच बदलून घे. रात्री कोणी हाऊसकीपिंग म्हणून दार वाजवलं आणि तू बोलावलेलं नसेल तर दार न उघडता रिसेप्शनला फोन करून विचार. कंपनीच्या अ‍ॅडमिनला पण लिहून कळव की कुठल्या हॉटेलात काय अनुभव आला, वर्षाचा करार कंपनीचा असतो आणि करार जाईल म्हटलं की मॅनेजर स्वतः लक्ष घालतो. हे तू केलंस तर तुझ्यानंतर येणाऱ्या बाकीच्या मुलींनाही उपयोग होईल.

प्रश्न: संकेश्वरहून लिहितोय. लग्नाच्या बोलणीसाठी बेळगावच्या हॉटेलात गेलो, गाडीची चावी गेटवर दिली, परत आली तर डावं दार घासलेलं. मॅनेजर म्हणतो पावतीवर लिहिलंय पार्किंग मालकाच्या जबाबदारीवर.

उत्तर: पावतीवर काहीही छापलेलं असू दे काका, चावी त्यांच्या माणसाने घेतली की गाडी त्यांच्या ताब्यात गेली. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून व्हॅलेटला, म्हणजे चावी घेऊन गाडी पार्क करणाऱ्या हॉटेलच्या माणसाला, दिलेली गाडी १९९८ मध्ये चोरीला गेली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल आला की चावी घेतल्यावर गाडी जशी दिली तशी परत करायची जबाबदारी हॉटेलची, निष्काळजीपणा झाला नाही हे हॉटेलनेच सिद्ध करायचं, मालकाच्या जबाबदारीवर असं छापून सुटका नाही. तुमचं प्रकरण ओरखड्याचं आहे, तत्त्व तेच लागू होतं. व्हॅलेटची पावती जपून ठेवा आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही राखून ठेवा असं पत्र आजच द्या, फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं. गॅरेजचं कोटेशन जोडा. आणि यापुढे सगळ्यांनीच चावी देताना मोबाईलवर गाडीला एक फेरी मारून व्हिडिओ काढा, तेवढा वेळ असतो.

प्रश्न: जुलैमध्ये टिळकवाडीत राहिलो, रूमला कुबट वास, चादर ओलसर. पावसाळ्यात बेळगावला असंच असतं काय?

उत्तर: पाऊस इथं धो धो असतो हे खरं, तरी ओलसर चादर चालवून घ्यायची नाही. वास येतो तो बहुतेक एसीच्या फिल्टरचा, गालिच्याचा किंवा बाथरूमच्या डक्टला लागून असलेल्या भिंतीचा. रूम दाखवली की आधी पडदा बाजूला करून खिडकी उघडते का बघा, मग कपाट उघडून वास घ्या, कपाटात खरं कळतं. गालिचा नसलेली, फरशीची रूम मागा. फ्रेशनर मारून देतो म्हणाले तर नको म्हणा, तासाभराने वास परत येतो. दुसरी रूम नसेलच तर एसी ड्राय मोडवर तासभर चालवायला सांगून तोपर्यंत खाली जेवून या, आणि चादर नवीन घालून घ्या.

प्रश्न: बंगळूरची वंदे भारत पकडायला आदल्या रात्री बेळगावात उतरतो. ब्रेकफास्ट फुकट असतो पण मिळत कधीच नाही, साडेसातला सुरू होतो. त्याचे पैसे कमी होतात का? (निपाणी)

उत्तर: कमी होत नाहीत, कारण रेटमध्येच धरलेला असतो. पण बेळगावहून बंगळूरला वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालीय आणि ती पहाटेच निघते, त्यामुळे स्टेशनच्या जवळपासच्या हॉटेलांना असे गेस्ट नवीन नाहीत. रात्री चेक-इन करतानाच सांगायचं की पॅक ब्रेकफास्ट पाहिजे. किचन रात्री बंद व्हायच्या आत निरोप गेला तर सँडविच, केळं, उकडलेली अंडी असं बांधून मिळतं. गरम उप्पीट-इडलीची अपेक्षा पहाटे चारला ठेवू नका, त्या वेळी किचनला कोणी नसतं. बुकिंगच्या वेळी ब्रेकफास्ट नसलेला रेट आहे का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो आणि तुमच्यासाठी तोच बरा. आणि अजून एक, हॉटेल चोवीस तासांच्या चेक-आउटचं आहे की दुपारी बाराचं ते बघून घ्या. परतीच्या गाडीने रात्री उशिरा बेळगावला उतरून तिथंच झोपणार असाल तर बाराच्या हिशोबात तुम्हाला जेमतेम अर्धा दिवस मिळतो आणि भाडं पूर्ण जातं, चोवीस तासांचं लॉज घेतलं तर दुसऱ्या दिवशी खडेबाजारात खरेदी उरकून, आरामात जेवून संध्याकाळच्या बसने निपाणीला जाता येतं.